व्हॅनमधला डिझेल हीटर खरंच किती ऊब देतो? निफाडच्या थंडीत घेतलेली चाचणी

गोदाकाठ

कॅम्परव्हॅनमध्ये डिझेल हीटर बसवणारे आता आपल्याकडेही बरेच दिसतात. बसवून झाला की सगळे एकच परीक्षा घेतात: गरम हवा बाहेर पडते त्या झडपेपुढे हात धरायचा, चटका बसला की हीटर पास. या परीक्षेतून हीटरबद्दल फार थोडं कळतं आणि गाडीबद्दल काहीच कळत नाही. पहाटे गादीच्या उंचीवर तापमान किती आहे आणि ते टिकवायला रात्रभरात किती डिझेल जळलं, हे दोन आकडे हातात आले की मग बोलण्यात अर्थ आहे.

आमची गाडी फोर्स ट्रॅव्हलर. आतली जागा साधारण ५ मीटर लांब, १.८ रुंद, १.९ उंच, म्हणजे १७ घनमीटर. बाजूंना आणि टपाला आतून नायट्राईल रबराची शीट, त्यावर प्लाय. काचांना सध्या नुसते कापडी पडदे. हीटर २ किलोवॅटचा, चिनी बनावटीचा, पुढच्या सीटखाली. बेत हिमाचलातल्या स्पितीला हिवाळ्यात जायचा आहे, म्हणून आधी घराजवळ तपासून घ्यायचं ठरवलं.

नाशिक शहरात इमारतींच्या मध्ये गाडी लावून चाचणी घेतली तर फार काही हाती लागत नाही. म्हणून निफाड तालुक्यात मामांच्या द्राक्षमळ्यावर गेलो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे पाच-सहा अंशांचे आकडे दर हिवाळ्यात पेपरात येतात, त्याच पट्ट्यातला हा मळा.

थर्मामीटर चार ठिकाणी: पायाशी फरशीवर, गादीच्या उंचीवर उशीजवळ, टपापासून वीतभर खाली, आणि चौथा बाहेर, गाडीपासून दूर खांबाला टांगलेला. बाहेरचा थर्मामीटर गाडीच्या पत्र्याला चिकटवू नका. मोकळ्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो आणि आकडा चुकतो.

रात्री दहाला हीटर सुरू केला तेव्हा बाहेर ११, आत १४. ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी विजेची कांडी) तापून ज्योत धरायला काही मिनिटं गेली, मग पंपाची टकटक वाढली. वीस मिनिटांनी टपाखाली २८, गादीजवळ २०, फरशीवर १५! एकाच गाडीत, एकाच क्षणी १३ अंशांचा फरक. टपाखालचा आकडा पाहिला असता तर हीटर जबरदस्त म्हणालो असतो, आणि पाय मात्र गारठलेले. तास-दीड तासाने गादीजवळ २१ आणि फरशीवर १८ झाले, तेव्हा आत बसल्यावर पहिल्यांदा खरंच बरं वाटलं.

याचं कारण हिशेबात दिसतं. १७ घनमीटर हवेचं वजन जेमतेम २० किलो. ती १० अंशांनी तापवायला दीड किलोवॅटला सव्वादोन मिनिटं पुरतात. पण दोनशे किलो प्लाय, फळ्या, गाद्या, पाण्याची टाकी हे सगळं थंड असतं आणि तेच हवेतली ऊब ओढून घेत राहतं. भिंत थंड असेल तर हवा २० अंश असूनही अंगाला गार लागतं. म्हणून पहिल्या अर्ध्या तासातला कोणताही आकडा मी धरत नाही.

खरी नोंद मध्यरात्री ते सकाळी सहा. आत गादीजवळ २० वर स्थिर, बाहेर सरासरी साडेआठ, डिझेल ८०० मिलिलिटर. बाकी हिशेब खाली टाकतो, आधी तुमची मतं येऊ देत.

निफाडकर

दादा, सहा वाजता नोंद थांबवलीत ती घाई झाली. आमच्याकडे सगळ्यात कडक गारवा सूर्य उगवायच्या सुमारास असतो, जानेवारीत सात-सव्वासातला. द्राक्षवाल्यांना हे अंगवळणी पडलेलं आहे. थंडीची लाट आली की बागेत शेकोट्या पेटतात, ठिबकचं पाणी सोडतात, आणि त्या वेळी पाऱ्याकडे डोळे लावून बसायची खरी वेळ पहाटे चार ते साडेसात. तुमचा हीटरही त्याच वेळी तपासा.

आणखी एक. वारा पडलेला आणि आभाळ निरभ्र असेल तरच पारा खाली येतो. ढग आले की चार-पाच अंशांचा फरक पडतो. त्या रात्रीचे आकडे दुसऱ्या रात्रीशी ताडून पाहताना आभाळ कसं होतं तेही लिहून ठेवा.

बॉयलरसूट

हात धरून पाहणं अगदीच टाकाऊ कसं? माझ्या गाडीत झडपेशी ९५ अंश येतं. एवढी गरम हवा येतेय म्हणजे हीटर नीट चाललाय, हे उघड आहे की.

गोदाकाठ

बॉयलरसूट, ९५ हा आकडा चांगलाही असू शकतो आणि वाईटही. खोलीत येणारी उष्णता दोन गोष्टींवर ठरते: हवा किती अंशांनी तापली आणि ताशी किती हवा आली. डक्ट, म्हणजे गरम हवेची नळी, कुठे दबला, वळण फार आवळलं, जाळीवर कचरा बसला की हवा कमी होते आणि तीच कमी हवा जास्त तापते. झडपेशी चटका वाढतो आणि गाडी मात्र उशिरा तापते. हवा फारच कोंडली तर हीटर जास्त तापून स्वतःच बंद पडतो.

ताशी हवा किती येते हे मोजायला यंत्र लागत नाही. कचऱ्याची मोठी, २०० लिटरची प्लास्टिक पिशवी घ्या, हवा पूर्ण काढून टाका, तोंड झडपेवर घट्ट धरा आणि फुगायला किती सेकंद लागतात ते पाहा. हे हीटर पेटलेला असताना करू नका, पिशवी वितळेल. बऱ्याच कंट्रोलरमध्ये नुसता पंखा चालवायची सोय असते, ती वापरा आणि वेग पूर्ण ठेवा. आमच्याकडे ९ सेकंद लागले, म्हणजे ताशी ८० घनमीटर.

एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला ०.३३ वॅट-तास लागतात. पूर्ण वेगावर पेटवल्यावर आत जाणारी हवा १५ आणि बाहेर पडणारी ७८, म्हणजे फरक ६३. ८० गुणिले ०.३३ गुणिले ६३, सुमारे १६६० वॅट. डब्यावर २ किलोवॅट लिहिलंय, गादीपर्यंत पोचतंय ते एवढं. वाईट अजिबात नाही, पण पुढचे सगळे हिशेब १६६० वर करायचे, २००० वर नाही.

अंबड_एमआयडीसी

पिशवीची युक्ती आवडली. डिझेलच्या बाजूनेही उलटतपासणी करा. या हीटरच्या पंपावर सहसा '२२ मिलि' असं काहीतरी छापलेलं असतं, त्याचा अर्थ १००० ठोक्यांना २२ मिलिलिटर. कंट्रोलरवर दिसणारे हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके. १.६ हर्ट्झला ताशी १२७ मिलि होतात. लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे सगळ्यात मंद चालतानाही सव्वा किलोवॅट जळतंय.

पण छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. स्वस्त पंपांत फरक असतो. पंपाची पुढची नळी हीटरपासून काढून बाटलीत सोडा, कंट्रोलरवरून प्रायमिंग (नुसता पंप चालवून नळीत डिझेल भरणं) चालू करा, २०० ठोके मोजा आणि ते डिझेल मोठ्या सिरिंजमध्ये ओढून पाहा. ४.४ मिलि यायला हवं. नळी हीटरला जोडलेली असताना प्रायमिंग करत बसू नका, ज्वलनकक्षात डिझेल साचतं आणि पेटताना धुराचा लोट निघतो.

वायर तपासा. सुरू होताना ग्लो प्लग आठ-दहा अँपिअर ओढतो. बॅटरीपासून लांब आणि बारीक वायर असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज पडतं, हीटर एरर दाखवून बंद होतो आणि लोक हीटर बदलायला निघतात. मीटर हीटरच्या टोकाला लावून पेटतानाचं व्होल्टेज पाहा, बॅटरीवरचं पाहून उपयोग नाही. आणि बंद करताना मेन स्विच कधीही ओढू नका. पंखा आतला गाभा थंड करून स्वतः थांबतो, तोवर वीज हवीच.

गोदाकाठ

अंबड, धन्यवाद. पंप तपासला, ४.३ च्या आसपास आला. पूर्ण वेगावर आमचा २.९ हर्ट्झ दाखवतो, म्हणजे ताशी २३० मिलि, २.३ किलोवॅट. त्यातले १.६६ हवेत येतात. पाऊण हिश्शाला जरा कमी. उरलेलं एक्झॉस्टमधून आणि डक्टच्या वाटेत जातं.

आता रात्रीचा हिशेब. सहा तासांत ८०० मिलि, म्हणजे ताशी १३३, १.३३ किलोवॅट. त्याचा पाऊण हिस्सा आत आला असं धरलं तर १ किलोवॅट. आत-बाहेरचा फरक साडेअकरा अंश. भागाकार केला की प्रत्येक अंशाला ८७ वॅट. हा आकडा हीटरचा नाही, गाडीचा आहे. बाहेरपेक्षा आत एक अंश जास्त ठेवायचा तर आमची गाडी ८७ वॅट बाहेर फेकते.

मला या सगळ्या खटाटोपातून हवा होता तो हाच आकडा. तो एकदा हाती आला की कोणत्याही गावच्या थंडीचा अंदाज बसल्या जागी काढता येतो. बाहेर उणे १५ आणि आत १८ हवं असेल तर फरक ३३, गरज २८७० वॅट. आमच्या हीटरकडे आहेत १६६०. झडपेपुढे हात धरून हे कधीच कळलं नसतं.

अनघा_कॉलेजरोड

आम्ही पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जाणार आहोत, त्यामुळे माझा प्रश्न उबेच्या आधीचा आहे. बंद गाडीत रात्रभर डिझेल जळत ठेवून झोपणं कितपत सुरक्षित? सिगडी तंबूत ठेवून झोपलेले लोक दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो.

आणि बॅटरीवरचा इलेक्ट्रिक हीटर का नाही?

अंबड_एमआयडीसी

ताई, आधी हेच विचारायला हवं. सिगडी आणि हा हीटर यांत मूलभूत फरक आहे. सिगडी आतली हवा जाळते आणि धूरही आतच सोडते. डिझेल हीटरमध्ये दोन वाटा वेगळ्या असतात. जळण्याची हवा गाडीखालून नळीने येते, जळून झालेला वायू दुसऱ्या नळीने गाडीखालीच बाहेर पडतो. तुमची खोलीतली हवा धातूच्या गाभ्याच्या फक्त बाहेरून फिरते, ज्योतीला शिवतही नाही.

धोका तेव्हाच, जेव्हा एक्झॉस्टचा जोड सैल होतो, पाइप गंजून भोक पडतं, किंवा धूर गाडीखाली कोंडून फटीतून वर येतो. म्हणून एक्झॉस्टचं तोंड गाडीच्या कडेबाहेर काढा, दार-खिडकीखाली नको आणि जळणाची हवा घेणाऱ्या नळीजवळही नको. पाइपला उतार ठेवा, आतलं पाणी साचायला नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. नाकावर विसंबता येत नाही. त्यामुळे बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म उशीच्या उंचीवर लावा. अलार्म नसेल तर माझ्या मते हीटर लावून झोपूच नये, मग तो कितीही भारी कंपनीचा असो.

इलेक्ट्रिकचं उत्तर सोपं आहे. १ किलोवॅटला १२ व्होल्टवर ८३ अँपिअर लागतात. २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी अडीच तासही पुरत नाही. डिझेल हीटर चालताना पंखा-पंप मिळून एक-दोन अँपिअरच्या आसपास घेतो.

निफाडकर

एक्झॉस्टवरून आठवलं. ऊसतोड झालेल्या फडात किंवा वाळलेल्या गवतावर गाडी लावून हीटर पेटवू नका. ते पाइप चांगलेच तापतात. खाली पाचट असेल तर आग लागायला वेळ लागत नाही, आणि शेजारी कांद्याची चाळ असेल तर शेतकऱ्याचं वर्ष जाईल. आमच्याकडे जागा हवी असेल तर खळ्यावर लावा, खाली मोकळी जमीन असते.

हिमभटक्या

गोदाकाठ, हिशेब नेटका आहे, पण एक गोष्ट राहिली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. स्पितीतलं काझा साडेतीन हजार मीटरच्याही वर, लेहही साधारण ३५०० वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी. पंप मात्र तेवढंच डिझेल फेकत राहतो. जळायला हवा अपुरी, म्हणून काजळी. ग्लो प्लगची जाळी काळी होते, ज्वलनकक्ष भरत जातो, आणि एका रात्री हीटर पेटतच नाही.

काही कंट्रोलरमध्ये उंचीची सोय असते, ती डिझेल आपोआप कमी करते. नसेल तर हर्ट्झ हाताने खाली आणावे लागतात. दोन्हीकडे परिणाम एकच, डिझेल कमी म्हणजे ऊब कमी. नाशकात ९३ टक्के दाब धरला आणि तिकडे ६५, तर तुमचे १६६० वॅट ढोबळमानाने १२०० च्या आत येतील.

डिझेलचंही बघा. इकडचं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठून फिल्टरमध्ये अडकतं. इंडियन ऑइलने लडाखसाठी २०१९ मध्ये हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत प्रवाही राहतं. हीटरची टाकी वेगळी असेल तर नाशकात भरलेलं डिझेल वर नेऊ नका, वाटेत संपवा आणि वर मिळेल ते भरा.

गोदाकाठ

हिमभटक्या, हा मुद्दा फार मोलाचा आहे, आमच्या सगळ्या बेतावर परिणाम करणारा. ०.७ ने गुणलं तर ११६० वॅट. ८७ ने भागलं की फरक फक्त १३ अंश. म्हणजे काझाला बाहेर उणे १५ असेल तर आत उणे २. मुलाबाळांना घेऊन असं जाता येणार नाही.

म्हणून आधी गाडी सुधारली, हीटरला हात लावला नाही. ट्रॅव्हलरला काच भरपूर, पुढची मोठी काच धरून सुमारे ६ चौरस मीटर. एकेरी काच दर चौरस मीटरला, दर अंशाला जवळपास ६ वॅट सोडते, म्हणजे ८७ पैकी ३६ वॅट एकट्या काचांतून जात होते! प्रत्येक काचेच्या मापाचे २५ मिलिमीटर एक्सएलपीई फोमचे तुकडे कापले, एका बाजूला चंदेरी, दुसऱ्या बाजूला जुन्या चादरीचं कापड शिवलं. मापं कागदावर काढून घेतली आणि फोम चारी बाजूंनी थोडा मोठा ठेवला, म्हणजे तो रबराच्या खाचेत दाबून बसतो. कडेला फट राहिली की थंड हवा काचेमागून खाली घसरते आणि सगळं मुसळ केरात.

निफाडला पुन्हा नोंद घेतली, या वेळी साडेसातपर्यंत. आभाळ निरभ्र, बाहेरची सरासरी तीच साडेआठ. हीटर सर्वांत मंद, १.६ हर्ट्झवर, त्याखाली तो जाऊच शकत नाही. तरी गादीजवळ साडेतेवीस झालं आणि टपावरची हवा खेळवायची झडप किलकिली करावी लागली. झडप बंद असतानाच्या आकड्यांवरून हिशेब येतो अंशाला ६३ वॅट. नुसत्या काचा झाकून चोवीस वॅट वाचले. फरशीवरचं तापमानही गादीच्या दोन अंशांत आलं.

झडप किलकिली ठेवायला तशीही हरकत नाही. माणूस झोपेत श्वासातून बरीच वाफ सोडतो, ती काचेमागे आणि पत्र्यावर पाणी होऊन बसते. ताशी २० घनमीटर ताजी हवा आत घेतली तरी १५ अंशांच्या फरकाला फक्त १०० वॅट जातात. पत्रा गंजण्यापेक्षा ते परवडलं.

बॉयलरसूट

पटलं. कालच डक्ट उघडून पाहिला, बेडच्या पायाखाली चेपला होता. सरळ केल्यावर झडपेशी ९५ चे ७६ झाले आणि गाडी आधीपेक्षा लवकर तापली. मग आता तुम्ही ५ किलोवॅटचा घेणार का?

गोदाकाठ

काझासाठी हो, त्याशिवाय पर्याय दिसत नाही. ६३ गुणिले ३३ म्हणजे २०८० वॅट, आणि ०.७ ची घट धरून उलट मोजलं तर इथे ३ किलोवॅट देणारा हवा. त्यासाठी ५ चाच घ्यावा लागेल. पण ज्यांना सापुतारा, भंडारदरा, फार तर महाबळेश्वर करायचंय त्यांनी ५ च्या मागे लागू नये. आमचा २ चासुद्धा निफाडच्या पाच-सात अंशांत सगळ्यात मंद चालून जास्त ठरला. मोठा हीटर सतत मंद चालला की त्यातही काजळी धरते. मंद चालवत असाल तर झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण वेगाने चालवून घ्या.

अनघा_कॉलेजरोड

शेवटचा प्रश्न. आमच्या हीटरचा कंट्रोलर डॅशबोर्डखाली आहे आणि तापमान तोच ओळखतो. तो २२ दाखवतो तेव्हा मागे मुलाच्या बेडवर १७ असतं.

अंबड_एमआयडीसी

कंट्रोलर झडपेच्या झोतात किंवा हीटरच्या अगदी जवळ असणार. काही हीटरना सेन्सर वेगळा जोडायची जागा असते. असेल तर लांब वायरने मुलाच्या उशीजवळ न्या, पण भिंतीला टेकवू नका आणि पांघरुणाखाली जाऊ देऊ नका. नसेल तर कंट्रोलरच उचलून मागे बसवा. तेही जमत नसेल तर आधी रात्रभर दोन्हीकडचे आकडे लिहा. फरक कायम पाचचा राहत असेल आणि बेडवर २० हवं असेल तर २५ वर लावा. कमी-जास्त होत असेल तर मागच्या बाजूला दुसरी झडप काढावी लागेल, डक्टला वाय जोड (एका नळीच्या दोन करणारा) लावून. बेड मागे आहे म्हणताय तर झडप बेडखाली, फरशीलगत काढा. वर काढलीत तर पुन्हा टपच तापेल.